आयोडीन कंपनीच्या सभेत मी खोटं बोललो

मंडळी, आपल्या छोट्या आयोडीन कंपनीची वार्षिक सभा आज ऑनलाइन झाली. फ्रीगंज भागातल्या घरात मी एकटाच मोबाइल धरून बसलो होतो.

भागधारकांच्या प्रश्नांत माझी पाळी आल्यावर मी विचारलं, "बंद पडलेला प्लांट कधी सुरू होणार?" अध्यक्ष म्हणाले, "दिवाली तक."

मग ते हसून म्हणाले, "काकाजी, पिछली बार आंटीजी साथ बैठी थीं. आज दिखी नहीं?"

"रसोई में हैं," मी पटकन म्हणालो आणि माइक बंद केला.

माझी बायको सुमन चैत्रातच गेली. या ग्रुपवर तुमच्याशी रोज शेअरच्या भावावर बोलतो, पण हे सांगायला जमलंच नाही. बऱ्याच महिन्यांनी कुणीतरी तिची चौकशी केली, आणि मला खरं बोलवेना.

प्लांटचं राहू द्या. आज कुणी मला फोन कराल का?