होडीत बायकांनी पाय ठेवायचा नाही

माझ्या विहिणीला डॉल्फिन बघायचे नव्हते. स्कॉटलंडहून ती एवढ्या लांब आली, कुडाळला गाडीतून उतरली, आणि दुसऱ्याच दिवशी तिने माझ्या मुलीकरवी विचारले, तुझा मुलगा मासे मारायला जातो त्या होडीत मला एकदा नेईल का?

माझी मुलगी तिकडे म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात नर्स आहे. तिकडच्याच एका कोळ्याच्या मुलाशी तिने लग्न केले. त्याच्या बापाची मासेमारीची बोट होती. जावई स्वतः समुद्रातल्या तेलाच्या विहिरीवर कामाला जातो. त्याची आई ती माझी विहीण. माझ्याच वयाची, विधवा, आणि जन्म सगळा मासळीत गेलेला. दोन महिने राहायला म्हणून मुलगी तिला तारकर्लीला घेऊन आली.

मला वाटले होते, गोरी बाई, मासे साफ करायला बसणार नाही. ती बसली. आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, मांडी घालून तिला जमेना, म्हणून तिने छोटी सुरी मागितली आणि उभ्याने बांगड्याचे पोट असे काढले की माझी सून बघत राहिली. तिची आई लग्नाआधी हेरिंग नावाच्या माशामागे बंदरोबंदर फिरायची. पुरुष बोटीने पुढे जायचे, मुली आगगाडीने मागून. धक्क्यावर उभे राहून मासे फाडायचे आणि मिठाच्या पिंपात भरायचे. जखमेत मीठ जाऊ नये म्हणून बोटांना चिंध्या गुंडाळायच्या. मीठ तरी जायचेच.

मग तिने एक फोटो दाखवला. तिची आजी लुगड्यासारखा घागरा खोचून, अनवाणी, मांडीभर पाण्यात उभी आहे, आणि तिच्या पाठीवर तिचा नवरा बसला आहे. चांगला दांडगा पुरुष, पायात बूट. तिकडे तेव्हा सगळ्या गावांना धक्का नव्हता. बोट पाण्यात उभी असायची, आणि नवऱ्याचे पाय भिजू नयेत म्हणून बायको त्याला पाठीवर घेऊन बोटीपर्यंत पोचवायची. ते पाणी म्हणे बर्फासारखे. विहीण हे सगळे अभिमानाने सांगत होती.

मी मुलीला म्हटले, विचार तिला, आजीच्या पायांचे काय?

विहीण म्हणाली, तो ओल्या पायांनी दिवसभर थंडीत बसला असता, आजारी पडला असता, तर घरात खाल्ले काय असते? आजी घरी जाऊन चुलीपाशी शेकायची.

मी म्हटले, शेकत नसणार. मासे विकायला जात असणार.

मुलीने ते सांगितले तशी विहीण हसायला लागली. तसेच होते. पाठीवर करंडी बांधून आजी आत शेतकऱ्यांच्या गावांत मासे विकायला जायची. रात्री परत येऊन गळांना शिंपल्यांतले मांस लावायची. आणि एवढे करून त्या बोटीत तिने पाय ठेवायचा नाही. बाई बोटीत चढली की मासे जातात. बाईच काय, बोटीवर डुकराचे नाव काढायचे नाही, पाद्र्याचे काढायचे नाही. चुकून निघाले तर लोखंडाला हात लावायचा. आमच्याकडे निघालेल्या माणसाला 'खंय चललंस' विचारलेले चालत नाही, तसलेच.

विहिणीच्या नवऱ्याची बोट शेवटी मोडली. समुद्रातले मासे कमी होत चालले म्हणून तिकडच्या सरकारने बोटी कमी करायचे ठरवले, आणि बोट मोडायला दिली तर पैसे मिळायचे. विहीण काठावर उभी राहून बघत होती. यंत्राने बोट चिरडली. तेव्हा तिच्या लक्षात आले की जिने आपल्याला पोसले तिच्यात आपण कधी बसलोच नाही. नवरा तिथे काय करायचा, कुठे बसायचा, काही बघितले नाही. म्हणून तिला एकदा जायचे होते. डॉल्फिन बघायला नव्हे, जाळे टाकायला.

मुलगा म्हणाला, जमणार नाही. मच्छीमारीच्या होडीत बायका चालत नाहीत.

माझे डोके फिरले. दिवाळीपासून मेपर्यंत हा त्याच होडीत पुण्या-मुंबईच्या बायका बसवतो, हाताला धरून चढवतो, त्यांचे फोटो काढून देतो. तेव्हा दर्या विटाळत नाही. मी तसे बोलले. तो म्हणाला, "ती गिऱ्हायकां, आये. तेव्हा होडयेत जाळी नसतत."

चार दिवस गेले. मग त्याने होडीतल्या भागीदारांना विचारले आणि त्यांनीच तोड काढली. विहीण परदेशी. तिला आपली रीत लागू नाही. तिला नेऊया.

मी म्हटले, "मग मी पण येतंय."

तो हसला. "दर्या तुका ओळखता, आये. तिका ओळखणा नाय."

माझे वय सत्तरीच्या पुढे. विटाळ म्हणाल तर तो संपून जमाना झाला. त्या होडीचे मासे मी आणि माझ्या सासूने विकले, त्या पैशांतून तिला इंजिन बसले. आणि दर्या मला ओळखतो म्हणून मी काठावर राहायचे.

मला वाटले होते, विहीण म्हणेल, ही येत नसेल तर मीही जाणार नाही. सिनेमात म्हणतात तसे. तिने जॅकेट चढवले आणि निघाली. होडी वाळूवर असतानाच तिला आत बसवले आणि मग सगळ्यांनी होडी ढकलली. मुलीने मागाहून तिचे म्हणणे मला सांगितले: मी आयुष्यभर थांबले, आता तुझ्या मुलाला अक्कल यायची वाट कशाला बघू? खोटे नाही. तरी मला राग आलाच.

त्या दिवशी बांगडा भरपूर लागला. भागीदार म्हणायला लागले, म्हातारी पायगुणाची, उद्या पुन्हा आणा. म्हणजे बाईच्या पायाने मासे जातात तेही हेच ठरवणार आणि येतात तेही हेच. मी टोपली उचलली नाही. मुलाला सांगितले, मारलेस तू, विक पण तूच. सुनेने माझ्याकडे बघितले, आपली टोपली पालथी घातली आणि तांदूळ निवडायला बसली.

मासळीवर बर्फ घालून तो स्वतः मालवणच्या बाजारात गेला. तिथे आमच्या बायका. त्याला कोण सोडते? एक म्हणाली, "लुगडा खंय इसारलंस रे?" दुसरीने त्याला पाटावर बसायला जागा दिली आणि बांगडा कसा धरायचा ते शिकवायला लागली. गिऱ्हाईक भाव पाडून मागायचे आणि हा लाजून देऊन टाकायचा. अर्धी मासळी तशीच घेऊन आला.

दुसऱ्या दिवशीही आम्ही सासू-सुना टोपली घेऊन उठलो नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना ताटाकडे बघत तो म्हणाला, "फाल्या पाटे तयार रव."

दुसऱ्या दिवशी पहाटे गेले मी. दोनदा ओकले. जाळे ओढायचे काम जड आहे, ते मी नाकारत नाही; त्यांच्या हातांना घट्टे आहेत ते उगीच नाहीत. पण जाळे टाकून झाले की ते बसतात. विड्या ओढतात आणि बोलतात. कोणी बांद्याकडे जमीन विकली, कोणाची सून माहेरी गेली. नळावर आम्ही बोललो तर त्याला चहाड्या म्हणतात. दर्याचे, देवाचे कोणी काही बोलले नाही. मासे रोजच्याएवढेच लागले, म्हणून माझ्या पायाबद्दलही कोणी काही बोलले नाही.

परत आल्यावर सुनेने नवऱ्याला विचारले, माका कधी नेतलास?

तो म्हणाला, "तुझा येगळा. आये आता म्हातारी, तिचा काय."

मी तिथेच होते. मी होडीतून जाऊन आले त्याची यांच्या लेखी काय किंमत, ते तेव्हा कळले. विहीण परदेशी म्हणून चालली, मी म्हातारी म्हणून. बाई म्हणून त्या होडीत अजून कोणी चढलेली नाही.

विहीण आपल्या देशाला परत गेली आहे. सून आजही बाजारात गेलेली नाही, आणि मी तिला जा म्हणणार नाही.