नागाची बायको

दत्तू गेल्याचं मला कराडला कळलं, ते कुंडलच्या एका गाडीवानाकडून. "आवं, तुमचं दत्तूमास्तर गेलं. नागानं डूख धरला." साप चावला का, म्हणून विचारलं, तर म्हणाला, "न्हाई, तापानं गेलं. पर ताप आणला कुनी?"

दत्तू माझा बालमित्र. कुंडलला मास्तर झाला आणि सारी हौस एका समजुतीशी भांडण्यात घालवून बसला. नाग हा नर आणि धामण ही त्याची मादी, हे आमच्याकडं लहान पोरालाही पाठ. वर ती म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते म्हणे, म्हणून दिसली की काठी. "पंचमीला नवऱ्याला लाह्या आणि बायकोला काठी, हा कुठला संसार?" असं दत्तू चिडून विचारायचा. एकदा पडक्या बांधात अंड्यांभोवती बसलेली नागीण त्यानं चार माणसांना लांबून दाखवली. "ही नागाची मादी. धामण ही जातच वेगळी, तिच्यात नरही असतात." त्यावर एक म्हातारे शांतपणे म्हणाले, "मास्तर, मग ही दुसरी बायकू आसंल." सगळे हसले. दत्तूही हसला, पण त्या दिवशी घरी येऊन जेवला नाही.

युद्धामुळं धान्य मिळेना आणि जे होतं ते उंदीर खात, तेव्हा काठीखालून वाचवलेली एक धामण त्यानं घरात आणून सोडली. वहिनी आधी माहेरी निघाल्या होत्या. उंदीर हटले तशा त्याच तिला 'आमची बाई' म्हणू लागल्या. दत्तूला आयुष्यात पटवता आलेलं ते एकच माणूस...

तेराव्यानंतर मी कुंडलला गेलो. गावात एकच बोलणं, दुसऱ्याची बायको घरात ठेवल्यावर नाग सोडतो व्हय? वहिनी माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "भावजी, दिरांनी तिला भिंतीतनं काढून मारली. मीच मारा म्हनलं. ह्यांच्या मागं आता लेकीला काई झालं तर?"

मला गावाचा राग आला, वहिनींचा आला, आणि असा एकाएकी गेल्याबद्दल दत्तूचाही आला.

"ह्यांचं चुकलं व्हतं का हो?"

"नाही, वहिनी."

आत दत्तूच्या रिकाम्या खाटेपलीकडं, भरदुपारी, कणगीमागं उंदरांची खुडबूड चालली होती. दत्तूची लेक धावत येऊन आईला बिलगली.

"आयं, कणगीमागं नाग आला."

वहिनींनी तिला पोटाशी धरलं आणि तिथूनच हात जोडले.