दोन शिट्ट्यांची माती

माझ्यासारख्याने कुणाविषयी लिहायला बसावं हे जरा धाडसच आहे. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मीच पहिला. काही चुकलं तर सांभाळून घ्या. पण शेजारच्या खोलीतल्या काकांइतका मातीचा मान राखणारा माणूस अख्ख्या नायगावात सापडणार नाही, एवढं मात्र न अडखळता सांगतो.

काका एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुऊन निवृत्त झाले. साताऱ्याकडे त्यांच्या बहिणीच्या गावी गायरानात गाजरगवत माजलं होतं. ते विषारी, गाईंच्या तोंडी गेलं की दूध कडू. "साधं गवत परत आलं नाही तर दोन्ही गाई विकते," असं बहिणीने कळवलं आणि काकांनी तिथली पिशवीभर माती मागवली. नुसतं तण उपटून भागणार नाही, मातीतले डोळ्यांना न दिसणारे जीवच त्याला सामील झालेत, असा त्यांना संशय होता. म्हणून अर्धी माती तशीच ठेवायची, अर्धी कुकरमध्ये शिजवून त्यातले जीव मारायचे आणि दोन्हींत साधं गवत पेरून बघायचं.

"अहो, डाळ लावू की तुमची माती?" काकू विचारायच्या.

"माती. तिला अजून दोन शिट्ट्या हव्यात."

"मग जेवायलाही तीच वाढते!"

गॅलरीत डब्यांची रांग लागली. पाहुण्यांचा चहा राहून जाई, डब्यांचं पाणी कधी चुकलं नाही. कुणी जवळून जाताना खोकलं तरी काका ओरडायचे, "जरा पलीकडे खोका हो!" शिजवलेल्या मातीत गवत तरारलं, कच्च्या मातीत पिवळं पडलं. तेव्हा काका मला म्हणाले, "तू कॉलेजात जातोस. नीट बघून सांग, मी चुकतोय का?" आजवर मला असं कुणी विचारलं नव्हतं. मी पातं न् पातं तीनदा मोजलं आणि म्हणालो, "नाही, काका."

पण गायरान काही कुकरमध्ये मावणारं नव्हतं. गावात देवळामागे चांगलं गवत अजून टिकून होतं, म्हणजे तिथल्या मातीतले जीव गवताच्या बाजूचे. तिथली जिवंत माती आणून गायरानाच्या एका पट्ट्यात मिसळायची, म्हणून काका आठ दिवसांसाठी गेले. पावसाळा सरला तरी आले नाहीत. त्यांना आणायला काकू गेल्या, त्याही आल्या नाहीत. डब्यांना मी पाणी घालत राहिलो.

परवा काकूंचा फोन आला. "पट्ट्यात गवत गुडघाभर झालंय रे. वन्संच्या गाई राहिल्या."

मग म्हणाल्या, "आणि आम्हीपण इथंच राहतोय."