आरोलकरांनी धुतलेला हिरवा थर

विज्ञानाला निःस्वार्थ सेवक लागतात आणि आरोलकर तसे होते, असं गेल्या महिन्यात दादरच्या शोकसभेत तिघा वक्त्यांनी सांगितलं. खरंच आहे ते. त्या सेवेत त्यांनी एकदा माझा प्रबंध धुऊन टाकला होता, एवढंच तिथे कुणाला ठाऊक नव्हतं.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. परळच्या एका कॉलेजात आम्ही दोघं रसायनशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर. ॲनिलिन आम्लात मिसळून त्यातून वीज सोडली की प्लॅटिनमच्या पत्र्यावर हिरवा थर चढतो. गिरण्यांत याच ॲनिलिनने कापड काळं रंगवत आणि भांड्यांना त्याची पुटं चढत, त्यामुळे कॉलेजात त्या थराला सगळे मळ म्हणत. पण माझा मळ वीज उलटी फिरवली की फिका पिवळा पडे आणि सुलटी केली की पुन्हा हिरवा होई. तो विजेला उत्तर देत होता... माझा सगळा प्रबंध त्या बोटभर पत्र्यावर उभा होता.

हरताळाच्या आदल्या दुपारी बस बंद होणार अशी आवई उठली. पत्रा आम्लात तसाच सोडून मी गिरगावला घर गाठलं. कॉलेज पुन्हा उघडलं तेव्हा आरोलकर दारातच उभे होते, खुशीत.

"बाई, तुमचं प्लॅटिनम आरशासारखं करून ठेवलंय. नायट्रिकमध्ये बुडवलं, बर्नरवर लाल केलं."

"आणि त्याच्यावरचं?"

"कसलं चिवट होतं हो! पण गेलं एकदाचं."

मी आत जाऊन पत्रा उजेडात धरला. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "म्हणजे... तेच होतं?"

"तेच."

प्लॅटिनम मळकं ठेवून घरी जायचं नाही, हा आमच्या प्रयोगशाळेचा धर्म. त्यांनी तो पाळला होता, तोही माझ्यासाठी मागे थांबून. थर मी पुन्हा चढवला आणि तो पहिल्यापेक्षा चांगला आला. तसं सांगितलं तर म्हणाले, "मोठ्या मनाच्या आहात तुम्ही," आणि आणखीच खचले. पुढे मी सांगणंच सोडलं. माझ्या निवृत्तीच्या समारंभात, हारतुरे चालू असताना, ते उठून म्हणाले, "तो थर मी धुतला होता." लोकांनी टाळ्या वाजवल्या. अपराध त्यांचा, पण मान खाली जायची माझी. क्षमा मागणारा एकदा मागून मोकळा होतो म्हणतात. आमच्यात मोकळं कुणीच झालं नाही. शेवटच्या आजारातही त्यांनी विचारलं, "बाई, रागावला नाहीत ना?" मी नाही म्हटलं. त्यांना ते पटलं नाही, हे मला दिसत होतं...

शोकसभेनंतर त्यांच्या घरी गेले. चहा झाला. सुनेने माझा कप उचलला आणि थबकली.

"काकू, यात काही आहे का? धुऊ?"

"ह्यांनी लावलेली शिस्त," आरोलकर वहिनी म्हणाल्या. "विचारल्याशिवाय या घरात काही धुवायचं नाही. का, ते कधी सांगितलं नाही."

मी कपात डोकावून पाहिलं. तळाशी थोडी साखर होती.

"धू," म्हटलं.