जांबुघोड्याची वाट आणि पुढच्या चाकांचे ब्रेक

"जयेशच्या गाडीचे ब्रेक मीच करणार," असं अविनाशने जाहीर केलं आणि बडोद्यात आमच्या गोत्रीच्या घराच्या अंगणात बसलेली मंडळी एकदम आपापल्या चहात बघायला लागली. जांबुघोड्याची सहल ठरली ती त्याच संध्याकाळी. जायचं की नाही, हा प्रश्न नव्हता. ब्रेक कोण करणार, हा होता.

मंडळी म्हणजे फार नाहीत. माझा नवरा अविनाश, रावपुऱ्यात टाइल्सचं दुकान चालवणारा जयेशभाई, आणि तरसालीचा प्रदीप. तिघे कॉलेजपासूनचे मित्र. तिघांकडे एकेक जुनी फोर-व्हील ड्राइव्ह जीप आहे, लष्कराने लिलावात काढलेली. आजकाल बँकेतून भर दुपारी फोन येतात, नव्या गाडीसाठी कर्ज घ्या म्हणून विनवण्या करतात. आमच्याकडे मात्र भंगारवाल्याने नाकारलेल्या गाड्यांना दर हिवाळ्यात नवं आयुष्य मिळतं. शेजारच्या काकू मला विचारतात, "मेधा, हे गॅरेज काढताय का?" मी नाही म्हणते, पण माझाच माझ्यावर विश्वास बसत नाही.

या तिघांचा एक नियम आहे. स्वतःच्या गाडीला स्वतः हात लावायचा नाही. अविनाशने जयेशभाईंची गाडी दुरुस्त करायची, जयेशभाईंनी प्रदीपची, प्रदीपने आमची. कारण असं की आपल्या गाडीत माणूस 'चालतंय की' म्हणून सोडून देतो, मित्राच्या गाडीत सोडत नाही. आणि नियमाची दुसरी बाजू: एकाने केलेल्या कामाला दुसऱ्याने पुन्हा हात लावायचा नाही. पंचवीसेक वर्षं हे असंच चाललं आहे आणि मला ते फार आवडतं.

पण गेल्या पावसाळ्यापासून अविनाशचा उजवा हात थरथरतो. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, ते इथे लिहीत नाही. हळूहळू वाढेल, इतकंच लिहिते. गंमत अशी की हात रिकामा असला की थरथरतो, कामात असला की पुष्कळ शांत होतो. मित्रांना तो दिसतो चहाच्या वेळी, गुडघ्यावर ठेवलेला. मग अविनाश त्यावर डावा हात ठेवतो आणि क्रिकेटवर बोलायला लागतो.

प्रदीप त्या संध्याकाळी म्हणाला, "अव्या, या वेळी तू वायरिंग बघ ना. ब्रेक मी करतो."

"जयेशची गाडी माझ्याकडे आहे," अविनाश म्हणाला. "आणि एक सांगून ठेवतो. ज्या दिवशी माझ्या कामावर दुसऱ्याला हात फिरवावा लागेल, त्या दिवशी मी माझे पाने-पक्कड पोत्यात भरून माळ्यावर टाकीन."

जयेशभाई पटकन म्हणाले, "अरे, कोण बोललं काय? तूच कर, भाई. तूच कर."

मला बरं वाटलं आणि भीतीही वाटली. त्या गाडीत जयेशभाईंच्या शेजारी त्यांच्या बायकोला, हंसाबेनना, बसायचं होतं.

पुढचे तीन रविवार आमच्या अंगणात ऑइलचा वास होता. ज्यांना जुनी जीप घ्यायची हौस आहे त्यांच्यासाठी थोडी माहिती: या गाड्यांच्या चाकामागे, आतल्या बाजूला, ब्रेकचा एक नट असतो. तो फिरवला की ब्रेकच्या पट्ट्या चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमच्या जवळ येतात आणि ब्रेक लवकर लागतो. फार फिरवला तर पट्ट्या ड्रमला घासतच राहतात. म्हणून जॅक लावून चाक उचलायचं, नट घट्ट करत जायचं, चाक अडलं की किंचित मागे घ्यायचं आणि हाताने चाक फिरवून ऐकायचं. अविनाशने हे चारही चाकांना केलं. त्याचा हात पान्यावर असताना मी मुद्दाम बघत राहिले. शांत होता. शेवटी आमच्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी एकेक चाक फिरवून पाहिलं. माझ्या वाट्याला पुढचं उजवं आलं. मोकळं, सरसर फिरलं.

शनिवारी उजाडल्यावर निघालो. अविनाश शेजारी, मी स्टिअरिंगवर. हालोलपर्यंतचा टोलचा रस्ता इतका गुळगुळीत की आमच्या जीपला तिथे ओशाळल्यासारखं होत असावं. नव्या गाड्या भुर्रकन पुढे जात होत्या आणि त्यांतली मुलं आम्हाला हात करत होती. पावागड समोर वाढत वाढत गेला. हालोलला गाडी थांबवून फाफडा, संभारा म्हणजे कच्च्या पपईचा परतलेला कीस, आणि कडक चहा घेतला. इथे पोटभर खाऊन घ्या, पुढे शिवराजपूरला फारसं काही मिळत नाही. पेट्रोल, डिझेलही इथेच भरा.

शिवराजपूर सोडलं की दोन्ही बाजूंना डोंगर जवळ येतात. फेब्रुवारीचा शेवट होता. सागाची पानं गळून रस्त्याकडेला ढीग झाले होते आणि त्या राखाडी जंगलात केसुडा पेटलेला. पळस म्हणायला हवं खरं तर, पण बडोद्यात जन्म काढल्यावर तोंडात केसुडाच येतो.

मुक्काम कडा धरणाकाठी, वनखात्याच्या तंबूंत. परवानगी बडोद्याहूनच काढून ठेवावी, ऐनवेळी गेलात तर चौकीवरचा माणूस तुमची काही चूक नसताना तुमच्यावर रागावतो. तंबू स्वच्छ आहेत, संडासही. मोबाइलला रेंज नाही, हा फायदा की तोटा ते तुमचं तुम्ही ठरवा. जेवण सांगितलं तर जवळच्या गावातल्या बाया करून देतात: मक्याचा रोटला, उडदाची डाळ, लसणाची चटणी. मक्याचं पीठ खाखऱ्याच्या, म्हणजे पळसाच्याच, पानांत गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेले पानियेही मिळाले. तुपाबरोबर खा आणि वजनाचा विचार घरी गेल्यावर करा.

दुपारी सगळे धरणाच्या पाण्यात पाय सोडून बसले होते. मी टॉवेल आणायला वर आले तर जयेशभाईंच्या जीपखालून दोन पाय बाहेर आलेले. ओळखीच्या सँडल.

"प्रदीप, काय करतोयस?"

तो सरपटत बाहेर आला. "काही नाही वहिनी, किल्ली पडली होती."

किल्ली त्याच्या गळ्यातल्या दोरीला लटकत होती. हातात पाना होता. मी टॉवेल उचलला. खाली गेले तेव्हा अविनाश हंसाबेनना पाणकावळा दाखवत होता आणि खूप खूश दिसत होता. मला प्रदीपचा राग आला. आणि खरं सांगायचं तर, हायसंही वाटलं. हंसाबेनच्या जिवाची काळजी मलाही होतीच. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात असू शकतात, आणि त्याचा त्रास होतो.

रविवारी सकाळी जाग आली तेव्हा अविनाश तंबूत नव्हता. थोड्या वेळाने आला, हात पुसत. पक्षी बघायला गेलो होतो म्हणाला. दुर्बीण माझ्या उशाशी होती, पण अर्धवट झोपेत कोण हिशेब करतं.

चहा, बाजरीचे चमचमीत ढेबरे, आणि निघालो. धरणाच्या मागून एक कच्ची वाट डोंगरावर चढते आणि पलीकडे ओढ्यात उतरते. साधी गाडी नेऊ नका. मोठाले दगड, मध्येच भुसभुशीत माती, आणि वर सागाच्या पानांचा थर, त्यामुळे खाली काय आहे ते कळत नाही. चारही चाकांना जोर दिला, खालचा गिअर टाकला की जीप म्हातारीसारखी कुरकुरत पण न थांबता चढते. मला हे चढणं इतकं आवडतं की मी तोंडाने तिला 'चल बाई, चल बाई' म्हणत असते.

पुढे जयेशभाईंची गाडी होती. अर्ध्या चढावर त्यांनी खिडकीतून हात काढला. "अवी, आज खेचत नाही रे! इंजिन थाकी गयुं लागतंय!"

"डिझेलमध्ये कचरा असेल," मागून प्रदीप ओरडला.

 माथ्यावर पोचलो, तिथे क्षणभर थांबून खालचं पाणी पाहिलं, फोटो काढले. मग उतार. जयेशभाई उतरायला लागले आणि मला जळका वास आला. आमचीच गाडी असेल म्हणून मी घाबरले, तोच जयेशभाईंच्या पुढच्या उजव्या चाकातून धूर निघताना दिसला.

"थांब म्हणून सांग त्याला!" अविनाश म्हणाला. मी हॉर्नवर हात ठेवला.

जयेशभाई थांबायचाच प्रयत्न करत होते. तापलेला ब्रेक लागेना, त्यांचा पाय नुसता खाली जात होता. गाडी गिअरच्या जोरावर हळू होती म्हणून बरं. वळणावर त्यांनी ती सरळ डोंगराच्या बाजूला घातली. मातीच्या ढिगात नाक खुपसून जीप थांबली. दुसऱ्या बाजूला दरी फार खोल नव्हती. पण पुरेशी होती.

हंसाबेन उतरल्या त्या थेट एका दगडावर बसल्या. "मेधाबेन, मी तर डोळे मिटून घेतले ने, हनुमानजी दिसले मला." मी त्यांचा हात धरला. 

अविनाश चाकाजवळ उकिडवा बसला होता. त्याचा चेहरा मला बघवेना. ड्रम निवेपर्यंत थांबावं लागलं. मग त्याने जॅक लावला, चाक उचललं आणि फिरवायला गेला. चाक जागचं हललं नाही. दुसऱ्या बाजूचंही तसंच.

"माझ्याकडून झालं तेव्हा हे मोकळं होतं," तो सावकाश म्हणाला. "तुम्ही सगळ्यांनी फिरवून बघितलंत."

"मी फिरवलं होतं," मी म्हणाले. "सरसर फिरलं होतं."

प्रदीप पायाने माती उकरत होता. "अव्या, काल दुपारी मी थोडा आवळला. अगदी थोडा. रागावू नकोस."

"हात दिसतो ना तुला माझा," अविनाश म्हणाला. प्रदीपने मान खाली घातली.

अविनाशने नटाकडे पाहिलं. "एवढ्याने असं जाम होत नाही."

आता जयेशभाईंनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. "शुक्रवारी घरी मीपण... हंसा बसणार होती ने गाडीत, म्हणून. सॉरी, यार. जरासाच. जॅक पण नाही लावला, शेजारी बघतील, तुला सांगतील म्हणून."

तेवढ्यात मला कळलं. या दोघांनी चोरून केलं म्हणून जॅक लावला नाही, जॅक नाही म्हणून चाक फिरवून पाहता आलं नाही, आणि प्रत्येकाला वाटलं की आपण एकट्यानेच केलंय. मी अविनाशकडे पाहिलं. आता तो उठेल, पाने पोत्यात भरेल आणि पुन्हा कधी जीपखाली जाणार नाही, याची मला खात्रीच झाली. मला त्या दोघांवर ओरडायचं होतं.

तो उठला नाही. चाकावर हात ठेवून तसाच बसला. मग म्हणाला, "दोघांचं मिळूनही इतकं होत नाही. उरलेला मी."

"तू?" प्रदीप म्हणाला.

"आज सकाळी. रात्रभर झोप नव्हती. काल येताना हंसाबेन पुढच्या गाडीतून मागे वळून हात करत होत्या, ते डोळ्यांपुढून जाईना. वाटलं, आपला हात, काय सांगावं. जॅक लावला असता तर तुम्ही उठला असतात." तो हसायला गेला, पण जमलं नाही. "पहिल्यांदा केलं तेच बरोबर होतं रे. मलाच खरं वाटेना."

  दगडावरून उठून पदर खोचत हंसाबेन म्हणाल्या, "वाह! त्रणे जण मळीने, तिघे मिळून, मला मारत होता! एकमेकांना विचारायला तोंड नव्हतं का? मला तरी विचारायचं, मी बसले असते अवीभाईंच्या ब्रेकवर!"

आधी प्रदीप हसला, मग जयेशभाई, मग अविनाश. हसता हसता जयेशभाईंचे डोळे भरून आले ते त्यांनी लपवलं नाही. माझेही आले.

ब्रेक अविनाशनेच पुन्हा केले, तिथेच, उतारावर, चाकांना दगड लावून. पट्ट्या थोड्या करपल्या होत्या पण बडोद्यापर्यंत पुरणाऱ्या होत्या. प्रदीपने जॅक धरला, जयेशभाईंनी पाने दिले. या वेळी चाक फिरवून पाहायचा मान हंसाबेनना मिळाला. परतीच्या वाटेवर त्या जयेशभाईंच्या शेजारीच बसल्या, डोळे उघडे ठेवून. हालोलला सगळ्यांनी सेव-उसळ खाल्ली आणि बिलावरून नेहमीप्रमाणे भांडलो.

घरी आल्यावर अविनाशने पाने रॉकेलने धुतले, पुसले आणि गोणपाटात गुंडाळले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. माळ्याची शिडी मागेल म्हणून वाट पाहत होते. त्याने गुंडाळी जिन्याखाली नेहमीच्या जागी ठेवली आणि जेवायला काय आहे असं विचारलं.

जांबुघोड्याला जरूर जा. केसुडा असेपर्यंत गेलात तर उत्तम. तिथून काय घेऊन आलो, हे मी आठवडाभर शोधत होते, कारण असा लेख संपवताना काहीतरी सांगावं लागतं. अशा किती सहली आता उरल्यात हे मला माहीत नाही, आणि त्याची भीती वाटते. पण कालच्या रविवारी जयेशभाई करपलेल्या पट्ट्या बदलून घ्यायला गाडी घेऊन आले. प्रदीपही आला. अविनाशने चारही चाकांचं काम केलं, खुर्चीत येऊन बसला आणि म्हणाला, "जयेश, तपास."

"अरे, काय गरज?"

"जॅक लावून तपास. सगळ्यांसमोर. आजपासून हाच नियम. सगळ्यांना लागू."

जयेशभाई पाना घेऊन जीपखाली गेले. आम्ही त्यांच्या पायांकडे बघत बसलो. एकेक चाक फिरल्याचा आवाज येत होता. बऱ्याच वेळाने ते कपडे झटकत बाहेर आले. "बराबर छे," म्हणाले आणि एकही नट न फिरवता पाना परत दिला.

अविनाशने तो मांडीवर घेतला. मी चहा आणला. त्याचा उजवा हात गुडघ्यावर थरथरत होता, सगळ्यांना दिसत होता. डावा हात त्याने बशीतलं बिस्किट उचलायला पुढे केला.