सिंकखालचं पाणी

डोंबिवलीच्या आमच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली कडप्प्याचे कप्पे होते, सासूबाईंनी हौसेनं बसवून घेतलेले. ते फोडून मी पार्टिकल बोर्डाच्या ट्रॉल्या करून घेतल्या. "दाबलेला भुसाच तो. पाण्यापाशी टिकायचा नाही," त्या म्हणाल्या होत्या. मी ऐकलं नाही. म्हणूनच सिंकखाली पाइपच्या जोडातून थेंब गळताना दिसला, तेव्हा कुणाला बोलले नाही. श्रीखंडाचा रिकामा डबा खाली ठेवला आणि कपाटाचं दार लावून घेतलं.

डबा भरला की ओतायचा, एवढंच. पण ऑफिसातून येईपर्यंत तो कधी कधी भरून वाहिलेला असायचा. मी फडक्याने टिपून घ्यायचे. वरून सनमायका चकचकीत. कडेवरून बोट फिरवलं की फुगवटा लागायचा. उद्या प्लंबरला बोलावू, म्हणायचे. उद्या रविवार असला तर सगळे घरात, मग नकोच. ऑफिसात कुणी काही विचारत असायचं आणि माझ्या डोक्यात तो डबा. पुढे तळाची फळी मऊ पडली, बिजागरीचे स्क्रू भुशातून सुटले आणि एका संध्याकाळी दार नवऱ्याच्या हातातच आलं. डबा मी नुकताच ओतायला काढलेला. पाइपकडे त्याने पाहिलंच नाही.

"आई, तू भांडी विसळतेस की धरण सोडतेस?" तो हसत म्हणाला.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"तरी सांगत होते, जरा जपून," मी म्हटलं.

मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं. मी हे बोलले.

दुसऱ्या दिवशी गुपचूप जोड बदलून घेतला. सासूबाईंनी मात्र स्वतःचा चहाचा कप विसळणंही सोडलं. सिंककडे वळल्या की नवरा म्हणायचा, "राहू दे, आई." मग त्या शहाडला मोठ्या दिरांकडे गेल्या. थोडे दिवस म्हणून. पण साड्या सगळ्या घेऊन.

गेल्या महिन्यात मी तिथे गेले. त्या भिजवलेले वाल सोलत बसल्या होत्या. बसायच्या आधीच मी सांगून टाकलं. "आई, ते पाणी तुमच्यामुळे नव्हतं. पाइप गळत होता. मला माहीत होतं."

त्यांचे हात थांबले नाहीत. "मी सांडलं नव्हतं हे मला ठाऊकच आहे की गं. ज्याला ठाऊक नाही त्याला सांग."

"घरी गेल्यावर सांगते."

"फोन आहे ना?"

तिथेच नवऱ्याला फोन लावला. सगळं सांगितलं, ते माझं वाक्यसुद्धा. तो एवढंच म्हणाला, "आईला दे."

"हं," त्या फोनवर म्हणाल्या. "हं. नाही रे, आज घ्यायला येऊ नकोस. बघू."

फोन त्यांनी माझ्यापुढे धरला. "बंद नाही केलेला. तुझ्याशी बोलायचंय म्हणतो."