ड्रमले घर पाहिजे

मामाच्या नंबरवरून फोन आला की मी तो मामाच्याच आवाजात उचलायचो. खर्जातला, थोडा नाकातला आवाज. "हाव, बोल बे, काय मोडून ठेवलं आता?" तिकडून मामा खो-खो हसत अन् म्हणत, "मी इकडं आहो, तं तिकडं कोण बोलून राहिला?" त्या दिवशी सकाळी फोन वाजला तेव्हा मी जामुलले आमच्या घरी अंगणात ब्रश करून राहिलो होतो. तोंडात फेस तसाच, अन् मी नेहमीसारखंच मामाच्या आवाजात उचललं. तिकडून मामीचा आवाज आला. "गोलू, त्यायच्या आवाजात नको बोलू रे. मामा गेले." रात्री जेवून झोपले, ते सकाळी उठलेच नाही.

आता एवढे हप्ते झाले, मी कोणाचाच आवाज काढत नाही. गणपती मंडळवाले म्हणतात, गोलू, नकला कराले स्टेजवर ये, तुझ्याशिवाय मजा नाही. मले भेव वाटते. तोंड उघडलं अन् मामाच निघाले तं?

मनोहरमामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. भिलाईच्या स्टील प्लांटात नोकरी, सेक्टर सहात प्लांटचंच क्वार्टर. तरुणपणी दुर्ग-भिलाईच्या गणपतीत ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचे, अन् आई सांगते, मांडवात पोरी गायकाले सोडून मामालेच पाहत. (मामी हे ऐकलं की भांडे जोरात ठेवते.) क्वार्टर मिळालं अन् ड्रम सुटला. कावून? आमच्या भिलाईत भरदिवसा कोणी ना कोणी झोपलेलंच असते. कोणी नाईट करून आलेलं, कोणाले पुढं सेकंड शिफ्ट. क्वार्टरांची अख्खी लाईन कुजबुजत बोलते, कुकरची शिट्टी झाली तरी बाई ओशाळते. त्यात मामाच्या भिंतीले भिंत लागून साहूभैया, त्यायची झोप अशी पातळ की मांजरानं उडी मारली तरी बाहेर येऊन विचारत, "कौन है?"

म्हणून मामानं कॉम्प्युटर घेतला, त्यात गाणं रेकॉर्ड कराचं सॉफ्टवेअर टाकलं, अन् कानाले हेडफोन. बाहेरून पाहाल तं एक टक्कल मान हलवून राहिलं, दोन बोटं छोट्या कीबोर्डावर टकटक करून राहिले, बाकी घर चूप. पण मामा खूश नव्हते. सॉफ्टवेअरमधला ड्रम प्रत्येक ठोका एकसारखाच मारे. "हा ड्रमर आहे का शिलाई मशीन? माणूस दमते न बे, चुकते, मधीच बायकोकडं पाहते." मग एकेक ठोका पकडून बसत. हा थोडा हळू, तो थोडा जोरात, हा किंचित मागं सरकव. त्यात माझी पण नोकरी होती. मी तोंडानं ढम-चक करून दाखवायचो... हा पोटभर श्रीखंड खाल्लेला ड्रमर, हा पहिल्यांदा सासरी आलेला जावई ड्रमर, अन् हा दवाखान्यात आपल्या बारीची वाट पाहून राहिलेला म्हातारा. मामा डोळे पुसत हसत अन् म्हणत, "थांब थांब, त्या म्हाताऱ्याचा हात पुन्हा वाजव," अन् मग माउसनं तसे ठोके बसवत.

हे सगळं एका गाण्यासाठी. मामीनं स्वतःच जुळवलेलं एक भजन होतं, ते मामानं एका दुपारी समोरच्या खोलीत, पंखा बंद करून, तिच्याकडून गाऊन घेतलं होतं. त्याच्या मागं ड्रम लावला. ठोके आता माणसासारखे वाजत, तरी मामा हेडफोन काढून माझ्या कानाले लावत अन् विचारत, "काय चुकून राहिलं?" मले काही समजे ना. मग त्यायनंच सांगितलं. "तुझी मामी घरात गाऊन राहिली, अन् ड्रम दुकानातल्या काचेमागं वाजून राहिला. दोघं एका खोलीत नाहीत. ड्रमले घर पाहिजे बे." त्याचा उपाय पण त्यायले माहीत होता. खोलीत फुगा फोडाचा, त्याचा आवाज रेकॉर्ड कराचा. भिंतीवरून, सामानावरून तो कसा परत येते ते सॉफ्टवेअर त्यातून शिकून घेते, मग ड्रम त्याच खोलीत वाजल्यासारखा वाटते. फुग्याचं पाकीट आणून ठेवलं होतं. पण साहूभैयाची नाईट होती. मग पाहुणे आले. मग पुन्हा नाईट लागली. "पुढच्या हप्त्यात फोडू," मामा म्हणत... अन् राहूनच गेलं.

मामा गेल्यावर क्वार्टर सोडावं लागणारच होतं. मामी कोहक्याले नव्या घरी चालली. सामान हलवाच्या दिवशी मी फुगे अन् माईक घेऊन आलो, पण मले उशीर झाला. पोहोचलो तं ट्रक भरून उभा, खोली रिकामी, अन् दुपारी चावी घ्याले प्लांटचा माणूस येणार. मामीले म्हटलं, एक मिनिट थांबा. फुगा फोडला. हेडफोनमध्ये नुसता घुमणारा आवाज आला. खोली नव्हतीच ती. गोदाम होतं. मामी गायली तेव्हा गाद्या होत्या, रजया होत्या, अलमारी होती. मी घाबरत घाबरत सांगितलं, "मामी, सामान पाहिजे होतं. आता नाही होत." क्वार्टर गेलं की ही खोली पुन्हा कुठून आणू?

मामीनं पदर खोचला. "उतरवा," ट्रकवाल्यायले म्हणाली.

"दीदी, चढ़ाना है कि उतारना है? पहले फाइनल कर लो."

"उतारना है. चाय मैं पिलाती हूँ."

गाद्या आल्या, अलमारी आली. "इथं नाही, थोडी तिरपी. मागं झाडू राहे." मी सारखा घड्याळ पाहू, मामी पडदे लावू लागली. तेवढ्यात बनियनवर साहूभैया दारात. त्यायची नाईटच होती. "गोलू, गैस फटा क्या?" मी हात जोडले, सांगितलं. त्यायनं त्या तिरप्या अलमारीकडं पाहिलं. "मनोहर भैया के ड्रम के लिए?" म्हणाले, अन् बाहेर गेले. मग गल्लीत त्यायचाच आवाज. "ए ट्रक, इंजन बंद कर! ए भाजीवाली, दो मिनट चुप! रिकॉर्डिंग हो रहा है!" आयुष्यभर जो माणूस आमाले चूप करत होता, तो अख्ख्या लाईनीले चूप करून राहिला होता, अन् सगळ्यात मोठा आवाज त्याचाच.

मग चूप झालं. मी टाचणी उचलली. मामीनं ती माझ्या हातातून घेतली अन् फुगा तिनंच फोडला.

आता कोहक्याले मामाचा कॉम्प्युटर मागच्या खोलीत आहे. मी फुग्यातली ती खोली ड्रमवर चढवली. त्यायच्या ठोक्याले हात नाही लावला, जिथं मागं आहे तिथं मागंच आहे. प्रत्येक खेपी फाईल उघडताना वाटते, आज उघडणार नाही, आज लाईट जाईल, आज माझ्याकडून काही पुसलं जाईल. पेन ड्राईव्हवर कॉपी आहे, फोनमध्ये आहे, आईच्या फोनमध्ये पण आहे, तरी वाटतेच.

मामी रोज दुपारी काम आटपून येते, हेडफोन लावते. आपलं गाणं ऐकताना ती खिडकीबाहेरच पाहते. गाणं संपाले आलं की हात वर करते, म्हणजे बंद नको करू. शेवटचा ठोका पडते, अन् त्याच्यामागं जराशी ती खोली उरते, गाद्या, पडदे, तिरपी अलमारी, सगळी... लगेच विरून जाते. माझं बोट माउसवरच.

"ठोक्यामागचं तेवढंच पुन्हा लाव," मामी म्हणते.